रेघेबाहेरचं पाणी

मलकापूर

आमच्या भागात कुणाला रस्त्यावरून होडी न्यायची असेल, तर त्याने एका प्रश्नाची तयारी ठेवावी. साताऱ्याहून निघून मी कराडजवळच्या मलकापुरात ट्रॉलीच्या चाकात हवा भरायला थांबलो. पंक्चरवाल्याने जीपमागची होडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, कमरेवर हात ठेवले आणि काळजीने विचारलं, "सायेब, यंदा पूर येणार हाय व्हय?"

महिना फेब्रुवारीचा. आभाळ स्वच्छ, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. मी म्हटलं, पुराचा काही संबंध नाही. त्याला ते पटलं नाही. "न्हाई, तुमास्नी आदी कळतंय म्हणून इचारलं. आमी सामान माळ्यावर टाकाय बरं." तेवढ्यात चहावाला आला, उसाचा एक मुकादम आला, आणि बघता बघता पुराची बातमी रस्त्यापलीकडच्या दुकानात पोचली. शेवटी मी डोलकाठी दाखवली, गुंडाळलेलं शीड उलगडलं आणि सांगितलं की ही वाऱ्यावर चालणारी होडी आहे, हौसेची. हौसेची म्हटल्यावर लोकांचा माझ्यातला रस संपला. फक्त पंक्चरवाला म्हणाला, "आणि चालवतं कोण?"

"आम्ही दोघं," मी म्हणालो.

इतक्या वर्षांच्या सवयीने ते तोंडातून गेलं. पुढचा सगळा रस्ता मी त्या दोन शब्दांवर चडफडत गाडी चालवली.

यातला दुसरा म्हणजे नेमगोंडा पाटील. सांगलीजवळ कृष्णेच्या काठी त्याचं गाव आहे. वस्ती बरीचशी जैन शेतकऱ्यांची. ऊस, हळद आणि थोडी द्राक्षं. माझे वडील सांगलीच्या एसटी डेपोत नोकरीला होते तेव्हा आम्ही एका वर्गात होतो आणि कृष्णेतल्या शर्यतीत एकाच होडीत बसून वल्ही मारायचो. पुढे मी सैन्यात गेलो, तिथे शिडाची होडी चालवायला शिकलो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि साताऱ्यात घर बांधलं. एक जुनी लाकडी होडी हाती लागली तेव्हा पहिला फोन नेमाला केला. तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्ही दोघे बामणोलीला, कोयना धरणाच्या पाण्यावर जात होतो. मी मागे बसून सुकाणू आणि मोठं शीड सांभाळायचो. तो पुढे बसून लहान शीड सांभाळायचा, आणि होडी कलली की अंग बाहेर झोकून तिला सरळ करायचा. ती मुळात दोन माणसांची होडी आहे. एकट्याने चालवायची म्हणजे एका हातात सुकाणू, दुसऱ्यात मोठ्या शिडाची दोरी, आणि लहान शीड दातात धरायचं.

जानेवारीत नेमाचा फोन आला. "सुभेदार, मी व्रतं घेतोय. मुनी म्हाराज गावात येणार हायत."

मी म्हटलं, घे की. कांदा, लसूण, कंदमुळं त्याने कधीच सोडली होती. दिवस मावळल्यावर तो पाण्याशिवाय काही घेत नसे, आणि अलीकडे तर पाणीही नाही. आता आणखी सोडायला शिल्लक काय होतं?

"त्यात एक दिशांचं व्रत असतंय," तो म्हणाला. "चारी बाजूंला रेघ ठरवायची. जलमभर तिच्या भायेर पाय ठेवायचा न्हाई."

"मग कुठे ठरवलीस?"

"दक्षिणेला श्रवणबेळगोळ. पूर्वेला सोलापूर. पश्चिमेला पन्हाळा. उत्तरेला कराडचा संगम."

बामणोली कराडच्या कितीतरी वर. माझं घरसुद्धा वरच. मग तोच म्हणाला, "होडी घिऊन ये गड्या. तुला एकट्याला झेपंल अशी करून देतो."

बायको गेल्यापासून माझ्याशी न कंटाळता बोलणारा हा एकच माणूस उरला होता. मी होडी घेऊन निघालो खरा, पण ती एकट्याची करून घ्यायला नव्हे. व्रतं रविवारी होती. तोवर रेघ कच्ची होती. लाकडावर हात फिरला, दोऱ्यांचा वास नाकात गेला की हा माणूस विरघळेल आणि रेघ कराडवरून थोडी वर सरकवेल, एवढ्या एका आशेवर मी ट्रॉली ओढत होतो.

नेमगोंडाचं अंगण

अंगणभर शिजवलेली हळद वाळत पडली होती. होडी लावायला जागा करण्यासाठी राजमतीवहिनींनी, म्हणजे नेमाच्या बायकोने, फावड्याने हळद बाजूला ओढली आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "आवं भावजी, आदी जेवून घ्या, दिस मावळाय लागला." आमच्याकडे साताऱ्यात पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग गप्पा, आणि जेवणाची आठवण टीव्हीवरच्या बातम्या संपल्यावर होते. इथे सूर्य वर आहे तोवर ताट उचललं पाहिजे. खपली गव्हाची खीर होती, हिला हे लोक हुग्गी म्हणतात. शाळूची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बिनलसणाचं उडदाच्या डाळीचं घुटं. बिनलसणाचं घुटं म्हणजे काय असणार, अशी माझी दरवेळी समजूत असते आणि दरवेळी मी दोनदा वाढून घेतो.

जेवताना मी वहिनींना विचारलं, "तुम्हाला हे चालतंय का, रेघेचं?"

"त्येनी मला इचारलं," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणलं, माझं म्हायेर रेघंच्या आत हाय का तेवडं बगा. हाय म्हणलं. मग माझं काय जातंय?"

माझं काय जातंय ते मला कुणी विचारलं नव्हतं. तेही बोलून दाखवायचं होतं, पण घुटं तोंडात होतं.

सकाळी पाहिलं तर नेमाने सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. द्राक्षबागेच्या तारा ओढायचे पान्हे, लहान कप्प्या, सायकलच्या जुन्या ट्यूब, आणि सांगलीच्या लेथवरून कातून आणलेलं नायलॉनचं एक चाक, असं सगळं गोणपाटावर मांडलेलं होतं. ते चाक पाहून माझं निम्मं अवसान गळालं. ज्या माणसाला अजून वळवता येईल असं मी समजत होतो, तो माझ्याआधी सांगलीला जाऊन चाक कातून आला होता.

त्याचा बेत सांगतो. लहान शिडाच्या तळाशी ते चाक बसवायचं. मागून दोरी ओढली की शीड स्वतःभोवती गुंडाळलं जाईल, पुढे जायला नको. सगळ्या दोऱ्या कप्प्यांतून मागे आणायच्या आणि बसल्या जागी दाबून धरणारे खटके लावायचे. सुकाणूच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी सायकलच्या ट्यूबचा ताण द्यायचा, म्हणजे हात सोडला तरी होडी भरकटणार नाही. पाण्यात पडलो तर परत चढायला मागे एक दोरीची पायरी, कारण वर ओढायला कुणी असणार नाही. हे शेवटचं त्याने अगदी सहज सांगितलं. मी उठून उगाच ट्रॉलीची चाकं तपासून आलो.

कप्प्या बसवताना माझ्या लक्षात आलं की सगळ्या दोऱ्या तो उजव्या बाजूला आणतोय. माझा डावा खांदा वर जात नाही. याबद्दल मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो. पुढे बसून, पाठ माझ्याकडे असताना, याने ते कधी पाहिलं असेल देव जाणे.

मी आघाडी उघडली. "झारखंडातल्या शिखरजीची यात्रा झाली म्हणून उत्तर बंद, हे मला कळतं. पण दक्षिणेला एवढी लांब उडी आणि उत्तरेला लगेच कराड? नकाशावर चार बोटं वर सरकलास तर कुणाचं काय बिघडतं?"

"हुं," तो म्हणाला. तोंडात स्क्रू होते.

"तुझ्या मळ्याला पाणी कुठलं? कृष्णेचं. कृष्णेला कराडला कोण मिळते? कोयना. म्हणजे बामणोलीचं पाणी तुझ्या उसात येतं. ते आलेलं चालतं, आणि तू गेलेला चालत नाही?"

त्याने स्क्रू तोंडातून काढले. "पाण्यानं व्रत घेतलेलं न्हाई, सुभेदार," म्हणाला, आणि स्क्रू परत तोंडात घातले.

दुपारनंतर अंगणातच शीड चढवून बघायचं ठरलं. कल्पना माझी. नवं चाक फिरतंय का बघू म्हटलं, पण खरं तर शीड फुगलेलं त्याला दाखवायचं होतं. ते त्याने पाहिलं, मीही पाहिलं. नदीकडून एक झुळूक आली, दोन्ही शिडं भरली आणि होडी ट्रॉलीसकट चालायला लागली. चाकांना दगड लावायचे राहिले होते. आम्ही दोघे दोन बाजूंनी धरून ओरडत पळतोय, होडी हळदीच्या ढिगातून पिवळा पट्टा काढत थेट कडब्याच्या गंजीत घुसली आणि डोलकाठी कलंडून थांबली. मलकापूरचा किस्सा ऐकलेल्या वहिनी दारात आल्या आणि म्हणाल्या, "पूर यायच्या आदीच व्हावलासा व्हय?"

नेमा खाली बसून हसला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मीही हसलो आणि त्या हसण्यात मला वाटलं, आता हा फुटतो. आता म्हणेल, जाऊ दे रेघ. डोळे पुसून तो उठला, ट्रॉली मागे ओढली, आणि करवत घेऊन होडीत चढला.

होडीत पुढे एक आडवी फळी होती, तिच्यावर तो बसायचा. ती त्याने कापायला घेतली.

"ती राहू दे," मी म्हणालो.

"पाण्याचे कॅन कुठं ठेवणार? तू एकटा मागं बसलास तर नाक आभाळाला जाईल हिचं. माझं वजन पुढं पायजेच की."

"मग फळीवर ठेव कॅन."

"फळीवर उंच व्हतंय. तळाला पायजेत." आणि तो कापत राहिला. ऐन बसायच्या जागी लाकूड गुळगुळीत झालं होतं, तिथे करवत सारखी घसरत होती. मला ते बघवेना. मी वहिनींबरोबर हळद गोळा करायला लागलो, आणि संध्याकाळी पिवळ्या हातांनी जेवलो.

कॅन त्याने आपल्या विहिरीच्या पाण्याने भरले. तेही फडक्याने गाळून, आणि फडकं परत विहिरीतच विसळून. पाण्यातले जीव जिथले तिथे गेले पाहिजेत म्हणून. होडीला वजन म्हणून ठेवायचं पाणी गाळणारा माणूस जगात हा एकटाच असेल. वर मला बजावलं, "हे तिकडं धरणात वतू नको हां. एका जागचं पाणी दुसऱ्या पाण्यात वतायचं न्हाई. परत घिऊन ये, हिरीत सोडू."

रविवार

सकाळी बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर बँड होता. पांढऱ्या धोतर-उपरण्यातला नेमा लग्नाच्या दिवशी दिसला नव्हता इतका चांगला दिसत होता. लेकी-जावई आले होते, भाऊबंद आले होते. महाराजांनी एकेक व्रत सांगितलं आणि त्याने हात जोडून ते घेतलं. दिशांचं आलं तेव्हा त्याने नावं स्पष्ट आवाजात घेतली. उत्तरेचं नाव घेताना तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "कराडचा संगम."

झालं.

लोक पुढे होऊन त्याचं कौतुक करत होते, कुणी पाया पडत होतं. शेजारचे एक आप्पा माझा हात हातात घेऊन म्हणाले, "लय मोठं पुण्य गड्या, तुमी दोस्त, तुमालाबी त्यातलं मिळणार बगा." मी मान हलवली. इतक्या आनंदी माणसांत मी कधी इतका दुःखी झालो नव्हतो. मला कुणाचा राग आला म्हणाल तर कुणाचाच येईना, आणि तेच जास्त वाईट होतं. नेमा वाईट काही करत नव्हता. उलट आयुष्यभर जे व्हावं असं त्याला वाटत होतं तेच करत होता, आणि त्यात मी कुठेच नव्हतो. माझ्या दुःखाला तिथे ठेवायला कोपरासुद्धा नव्हता.

निघताना त्याने ट्रॉलीचे पट्टे स्वतः आवळले. "वारं जास्त असलं तर पयलं लहान शीड गुंडाळ," म्हणाला. मी हो म्हटलं. कराडच्या पुलावरून जाताना संगमाकडे मुद्दाम पाहिलं नाही.

बामणोली

साताऱ्यात दोन दिवस मी होडीवर ताडपत्री टाकून घरात पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली आणि निघालो. कासच्या घाटात ट्रॉली चढत नाही म्हणून नेहमीप्रमाणे मेढ्यावरून गेलो. मेढ्याच्या पुढे डोंगर जवळ येतात, उसाचा मागमूस राहत नाही, उतारावर भात कापलेली वाफ्यावाफ्यांची शेतं दिसतात, आणि मग एका वळणावर ते पाणी दिसतं. दरवर्षी त्या वळणावर नेमा म्हणायचा, "आलं बग." यंदा गाडीत कुणी काही म्हणालं नाही.

काठावर कोंडिबा होता. हा लाँचवाला, पर्यटकांना वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी सोडतो आणि आमच्या होडीवर दरवर्षी हसतो. त्याने गाडीत डोकावून पाहिलं. "पाटील कुठं हायती?"

"ते आता येणार नाहीत," मी म्हणालो.

कोंडिबाने डोक्यावरची टोपी काढली. "आरं देवा," म्हणाला. "कवा?"

"रविवारी," मी म्हणालो.

शपथेवर सांगतो, फसवायचा हेतू नव्हता. तो काय समजला ते मला टोपी पाहिल्यावरच कळलं होतं. पण दुरुस्ती केली नाही. कसं सांगणार? माणूस धडधाकट आहे, सकाळी मळ्यात जातो, हसतो, फक्त इथे यायचं नाही असं त्याने ठरवलंय, असं? कोंडिबा माझ्या शेजारी दगडावर बसला. "लय देवमाणूस," म्हणाला. "आमी मासं तळाय लागलो की वाऱ्याच्या वरल्या अंगाला जाऊन बसायचं. पर कवा नाक मुरडलं न्हाई." हॉटेलवाली मावशी आली, तिने पदर तोंडाला लावला. तिने मला नाचणीची भाकरी वाढली आणि मासे वाढले नाहीत. दुखवट्यात कसे वाढणार? मी गप्प भाकरी खाल्ली. खोटेपणाचं मला काही वाटलं नाही. नेमाच्या गावात बँड लागला होता, इथे निदान कुणीतरी दुःखाला दुःख म्हणत होतं.

मग कोंडिबा म्हणाला, "एकलं जाऊ नगासा पाण्यावर. म्या येतू." मी नको म्हटलं. तो ऐकेना. शेवटी मी जरा चढ्या आवाजात बोललो तेव्हा त्याने होडी पाण्यात ढकलून दिली आणि काठावर उभा राहिला.

पाण्यावर काय झालं ते थोडं थांबून सांगतो. मीही तेव्हा थांबलो होतो. कारण ते ज्याला आधी सांगायचं त्याला फोन लागत नव्हता. बामणोलीच्या काठावर मोबाइलला रेंजची एक काडी येत नाही.

मेढा

परतताना मेढ्याच्या एसटी स्टँडसमोर चहा घेतला आणि फोन लावला. कपडे अजून ओले होते. नेमानेच उचलला.

"कोयनेवरून आलो," मी म्हणालो. "ऐक. तुझं ते चाक..."

"सुभेदार, थांब."

"अरे, एकदा ऐक तर. मी वासोट्याच्या दिशेने..."

"थांब म्हणतोय नव्हं. सांगू नगंस." त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "तुझा गुडघा कसा हाय ते सांग. पोरांचं सांग. तिकडलं न्हाई."

मी विचारलं, बोलण्याचीही बंदी आहे का? तो म्हणाला, पाय आत ठेवून मन भायेर धाडलं तर ते व्रत कसलं. मग मात्र माझा तोल गेला. स्टँडवर लोक बघत होते तरी मी ओरडलो. म्हटलं, पाण्याचे कॅन गाळून देतोस, फळी कापतोस, खांद्याकडे बघून दोऱ्या उजवीकडे आणतोस, आणि ते चाललं का एवढंसुद्धा तुला ऐकायचं नाही? तुझी रेघ जर चार बोटं वर असती...

"रेघ कुठंबी वडता आली असती, गड्या," तो म्हणाला. "म्हाराजांनी कवाच इचारलं न्हाई कुठं वडतोस म्हणून. मीच मला इचारलं, सोडाय जड काय जातंय? कांदा न्हाई, रातचं जेवण न्हाई. बायकापोरं तर आतच हायत. जड जातंय ते एकच, बामणोली. रोज सकाळी उठलो की आदी ते पाणी दिसतंय मला. मग ती आत ठेवून घेतलेलं व्रत काय कामाचं?"

"आणि माझं घर?"

"तुझं घर आत ठेवलं असतं, तर मी एक दिवस आलो असतो. तू गाडी काडली असतीस. आणि मी बसलो असतो."

त्याने गुडघ्याचं परत विचारलं. मी म्हटलं, बरा आहे. पोरांचं विचारलं. मी म्हटलं, बरी आहेत. मग आम्ही फोन ठेवला, आणि चहा गार झाला होता तो मी तसाच पिऊन टाकला.

पाणी

तेव्हा ज्याला सांगायचं त्याला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्यापैकी कुणी तिथे गेलेलं नसेल, आणि तुम्हाला कसली बंदीही नाही.

वारा वासोट्याकडून होता, फार नाही, शिडाला पुरेसा. काठ सुटल्यावर मी दोन्ही शिडं चढवली आणि बसल्या जागेवरून जी दोरी ओढावी तिचं काम होत होतं. खटके दोरी घट्ट धरत होते. चाक फिरत होतं. सुकाणू सोडून बघितलं, तर ट्यूबच्या ताणाने होडी सरळ जात राहिली, कितीतरी वेळ. माझे दोन्ही हात मोकळे होते. पाण्याचा रंग काठाला शेवाळी आणि मध्ये गर्द, डोंगर तिन्ही बाजूंनी उतरलेले, एक खंड्या पक्षी डोलकाठीवर बसून उडून गेला. नेमाने काम चोख केलं होतं. मी मनातल्या मनात कुठेतरी काहीतरी तुटेल, अडेल, आणि मला फोन करून सांगता येईल की तुझ्याशिवाय जमत नाही, याची वाट बघत होतो. काहीही अडलं नाही.

पलीकडचा काठ जवळ आला तेव्हा वळायची वेळ झाली. आमची पद्धत अशी की मी मागून ओरडायचं, "वळतोय!" नेमा पुढे लहान शिडाची दोरी सोडायचा आणि ओरडायचा, "वळ!" ते ऐकल्यावरच मी सुकाणू ढकलायचो. नाहीतर तो उभ्याउभ्या पाण्यात जायचा. एकदा गेला होता.

मी ओरडलो, "वळतोय!"

आणि थांबलो.

काठ येत राहिला. पाणी उतरलेलं होतं, जुन्या झाडांची खोडं चिखलातून वर आली होती, ती मला स्पष्ट दिसत होती. दोरी माझ्या हाताशी होती, खटका माझ्या अंगठ्याखाली होता, आणि तरी मी थांबलो होतो. माझ्या अंगालाच कळत नव्हतं की उत्तराशिवाय वळता येतं. मग होडीचं पोट चिखलात खरखरलं, एका खोडाला घासून ती थांबली, आणि शिडं फडफडायला लागली.

हलकी केली असती तर सहज निघाली असती. कॅन ओतून द्यायचे, बस. ते मी केलं नाही. मला सांगून ठेवलेलं होतं. वल्हं रोवून, गुडघाभर चिखलात उतरून, दुखऱ्या खांद्याने ढकलत ढकलत मी ती मोकळी केली. दोरीची पायरी लावलेली होतीच. तिच्यावरून चढून आत आलो आणि पुढच्या कॅनांकडे पाहत बराच वेळ बसून राहिलो. दूरवरून कोंडिबा हात हलवत होता. मीही हात हलवला.

परत फिरायला दोनदा वळावं लागणार होतं. वारा पुन्हा शिडात भरला. पहिल्या वळणाची जागा आली तेव्हा मी सुकाणूवर हात ठेवला आणि ओरडलो, "वळतोय!"

मग आवाज जरा जाड काढून, कोंडिबाला ऐकू जाणार नाही असा, मीच म्हणालो, "वळ."